योग्य नेतृत्वाचा अभाव

अंध मुलं परीक्षेला बसतात तेव्हा त्यांची उत्तरं लिहून द्यायला सोबत कोणीतरी लागतं. आमच्याकडे त्याला रायटर म्हणतात. विद्यार्थी सांगतो, रायटर लिहितो. रायटर विद्यार्थ्यापेक्षा कमी शिकलेला असला पाहिजे असा नियम मला पहिल्या दिवशी सांगितला गेला, म्हणजे तो स्वतःच्या पदरचं काही घुसडणार नाही. त्या नियमात मी चपखल बसले. मी बारावी पास. माहेरी, खाप्याला शाळेत होते तेव्हा इतिहासात माझा हात कोणी धरत नसे, पण बारावीचा निकाल लागला त्याच उन्हाळ्यात लग्न झालं आणि मी नागपूरला, कळमन्याला आले. माझा नवरा बाजार समितीच्या यार्डात मापारी आहे. काट्यावर पोती चढतात, तो वजन सांगतो आणि सौदा पुढे सरकतो.

मुलगी कॉलेजात जायला लागल्यावर दुपारी घर खायला उठायचं. गल्लीतल्या एक निवृत्त शिक्षिका अंध मुलांना पुस्तकं वाचून दाखवायला जात. त्यांनीच मला ओढलं. नवरा म्हणाला, "तुले काय भेटनार त्यातून?" मी म्हटलं, "परीक्षा भेटनार." तो हसला. मला मात्र ते खरंच हवं होतं. पेपरच्या सकाळची ती धाकधूक, कोरी उत्तरपत्रिका, समासाची रेघ. माझी नसली तरी परीक्षा.

पहिल्या वर्षी शाळेच्या मुलांचे पेपर लिहिले. मग बीएला बाहेरून बसलेल्या एका माणसासाठी शिक्षिकाबाईंनी मला विचारलं. तिशी ओलांडलेला माणूस. त्याला अभ्यासाला आधीपासून वाचणारं कोणी नव्हतं, म्हणून मी महिनाभर आधी त्याच्या घरी जाऊन गाइड वाचून दाखवायचं ठरलं. तो ते मोबाइलमध्ये भरून घेई आणि मी गेल्यावर ऐकत बसे.

त्याचं घर दोन खोल्यांचं, टिनाचं. कूलर दारातच लावलेला, त्यामुळे आत शिरताना अंगावर ओला वारा यायचा. आई असायची. ती माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवून उंबऱ्याजवळ बसायची आणि आम्ही काय वाचतो ते ऐकायची. तो मला ताई म्हणायचा आणि मी त्याला भाऊ. चेहऱ्यावर डाव्या भुवईपासून गालापर्यंत एक खोल खाच होती. एक डोळा मिटलेला, दुसरा उघडा आणि दुधाळ. तो जन्मापासून आंधळा नव्हता हे मला दिसत होतं, पण मी विचारलं नाही. तिसऱ्या-चौथ्या भेटीत तो आतल्या खोलीत गेला असताना आईनेच सांगितलं.

"कंपनीत होता वं तो. कळमेश्वरले. मोर्च्यात लागलं."

पोलिसांनी सोडलेलं अश्रुधुराचं नळकांडं थेट तोंडावर आदळलं होतं. एक डोळा त्याच दिवशी गेला. दुसऱ्याला काहीच झालं नव्हतं. पण पुढच्या महिन्यांत तोही अंधारत गेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की कधीकधी जखमी डोळ्यापायी चांगला डोळाही जातो. आई म्हणाली, "साहेबानं दवाखान्याचं समदं केलं. आम्ही काही बोलत नाही त्याईले." साहेब म्हणजे त्या मोर्च्याचे पुढारी. ते कोण हे मला विचारावं लागलं नाही. आमच्या यार्डाच्या फाटकावरही त्यांचे फ्लेक्स लागतात. दिवाळीला त्यांच्याकडून मिठाईचा डबा येतो हेही आईने सांगितलं, आणि मुलगा बाहेर आल्यावर ती एकदम उठून चुलीकडे गेली.

अभ्यासात तो हुशार होता असं मी म्हणणार नाही. पाठ करायचा. कारणे, स्वरूप, परिणाम. मुद्द्यांची पहिली अक्षरं जोडून त्याने शब्द तयार केले होते. राजकीय इतिहासाचा पेपर त्याला सोपा वाटे. "सगळीकडं तेच तं असते, ताई," तो एकदा म्हणाला. "लोक उठले काहून, अन् हरले काहून."

पेपर मे महिन्यात होता. अंध विद्यार्थ्यांना वेगळी खोली देतात. आम्हाला तळमजल्यावरची जुनी प्रयोगशाळा मिळाली होती. बेसिनं, गंजलेले नळ, वर एक पंखा. दुसरा विद्यार्थी आलाच नाही, त्यामुळे आम्ही दोघे आणि पर्यवेक्षक. ते त्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे, निवृत्तीला आलेले सर होते. त्यांनी माझं ओळखपत्र बघितलं, सही घेतली आणि खिडकीजवळ वर्तमानपत्र उघडून बसले.

मी सगळे प्रश्न एकदा वाचून दाखवले. पहिला मोठा प्रश्न होता: १८५७ च्या उठावाच्या अपयशाची कारणे सांगून नेतृत्वाच्या भूमिकेचे मूल्यमापन करा. त्याने मान डोलावली. हे त्याला तोंडपाठ होतं. त्याने प्रस्तावना सांगितली, मी लिहिली. मग मुद्दे. समान ध्येयाचा अभाव. साधनसामग्रीची कमतरता. उठाव ठरल्याआधीच सुरू होणे. प्रत्येक मुद्द्याखाली तीन-चार ओळी, गाइडात होत्या तशा. मी मथळ्याखाली रेघ ओढायचे आणि पुढे जायचे. मग तो म्हणाला, "योग्य नेतृत्वाचा अभाव." मी लिहिलं, रेघ ओढली आणि थांबले.

तो पुढे बोलेना. मला वाटलं विसरला. रायटरने आठवण करून द्यायची नसते, म्हणून मी गप्प बसले.

"ताई, ते खोडा."

"काय खोडू?"

"अभाव. अभाव नव्हता. नेता होता. तसं लिहा."

मी खोडलं. पुढे त्याने जे सांगितलं ते गाइडात नव्हतं. मी विचारलं, "पुस्तकी भाषेत सांगता का?" तो म्हणाला, "नाही. जसं बोलून राहिलो तसंच लिहा." म्हणून त्या उत्तरपत्रिकेत 'मले' आणि 'काहून' आहेत. माझ्या हाताने लिहिलेले.

त्याने सांगितलं ते असं. कंपनीने कायम कामगार काढले होते आणि त्यांच्या जागी ठेक्याची माणसं घ्यायचं चाललं होतं. साहेबांनी हाक दिली. गेटसमोर धरणं झालं, मग रस्ता अडवायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी साहेबांना बोलणी करायला कंपनीत जायचं होतं, आणि त्यांना तिथे घेऊन गेला तो हा, स्वतःच्या मोटरसायकलवर. तो बाहेर बाभळीखाली उभा राहिला. साहेब आले ते खुशीत होते. पाठीवर थाप मारून म्हणाले, उद्या जोरात करायचं, एकही माणूस घरी राहता कामा नये. ठेक्याची माणसं पुरवायचं काम साहेबांच्या मेहुण्याला देण्याचं त्या संध्याकाळीच आत ठरलं होतं. ते याला दवाखान्यात कळलं, डोळा बांधलेला असताना. भांडण मिटलेलं होतं. पण मोर्चा झाल्याशिवाय मिटलं असतं तर साहेबांचं वजन काय राहिलं असतं?

"लिहिलं?" त्याने विचारलं.

"लिहिलं."

पर्यवेक्षक सर उठून आमच्या बाकाशी आले. "प्रश्न सत्तावनचा आहे ना?"

"हो सर."

"मग?"

"मी कारणंच सांगून राहिलो, सर."

उत्तर काय द्यायचं हे सांगायचा त्यांना अधिकार नव्हता. ते परत जाऊन बसले, पण त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा उघडलं नाही.

मी शाळेत हाच मथळा कितीदा लिहिला होता. पट्टीने रेघ ओढून, खाली पाच ओळी, आणि पूर्ण गुण. त्यात एखादा माणूस असतो, त्याच्या पाठीवर कोणी थाप मारलेली असते, हे डोक्यात आलं नव्हतं. आता लिहिताना माझ्या हाताला घाम येत होता आणि शाई फिसकटू नये म्हणून मी तळव्याखाली रुमाल धरला होता.

मग तो म्हणाला, "आता दुसरा नेता."

"दुसरा कोण?"

"मी."

कंपनीत त्याच्याच पाळीवर एक कामगार होता, वयाने मोठा. याला त्याने काम शिकवलं होतं. डबा वाटून खायचे. त्याला मोर्च्याला यायचं नव्हतं. त्याच्या मुलीला ताप होता. हा सकाळी त्याच्या दारात गेला आणि म्हणाला, आज घरी राहिला तं उद्या तोंड कोणाले दाखवशीन? तो माणूस चप्पल घालत म्हणाला, "तू म्हनून राहिला तं येतो गा." धूर झाल्यावर सगळे पांगले. तो हायवेकडे पळाला. त्याला दिसत नव्हतं. ट्रक थांबला नाही.

"त्याचे डोळे चांगले होते," तो म्हणाला, आणि हेही लिहा म्हणाला. "तोंडावर नळकांडं मले लागलं. मेला तो. कारण, मी."

त्याने समारोपही सांगितला. प्रत्येक उत्तराला समारोप लागतो हे तो विसरला नव्हता. "अशा प्रकारे" इथून सुरुवात केली आणि पुढे त्याला काही सुचलं नाही. ते दोन शब्द तसेच राहिले. बाकीचे प्रश्न आम्ही घाईघाईने सुरू केले, पण शेवटच्या दोनांना वेळच उरला नाही. पुरवण्या बांधताना त्याने विचारलं, "अक्षर वाचता येईन ना तपासणाऱ्याले?" मी म्हटलं, येईल.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. सांगितल्याशिवाय राहवलंच नाही. त्याने जेवता जेवता हात थांबवला. "साहेबाचं नाव लिहिलं काय?"

"नाही. त्यांनी नाव घेतलं नाही."

"अक्षर तं तुहंच आहे. कोणाले सांगजो नोको." मग काही घास खाल्ल्यावर म्हणाला, "बरोबर बोलला पण तो पोरगा. पण कोणाले सांगजो नोको."

तो त्या पेपरात नापास झाला. बाकी सगळे विषय निघाले. त्याने मला फोन करून सांगितलं, तक्रारीचा सूर नव्हता. तपासणाऱ्याने ते वाचलं की नुसत्या रेघा मारत पानं उलटली, हे कळायला मार्ग नव्हता. गुणांचा आकडा येतो, शेरा येत नाही. शेवटी तो म्हणाला, "ताई, एक काम होतं. मले कळमेश्वरले घेऊन चालाल काय?"

त्याला त्या माणसाच्या बायकोला भेटायचं होतं. इतक्या वर्षांत तो एकदाही गेला नव्हता. आईला सांगू नका म्हणाला. आम्ही रविवारी दुपारी एसटीने गेलो. बसमध्ये तो पूर्ण वेळ समोरच्या सीटची दांडी धरून बसला होता, जणू गाडी कोणत्याही क्षणी थांबणार आहे.

बाईंचं घर विचारत विचारत सापडलं. त्या नुकत्याच कामावरून आल्या होत्या. अंगावर कंपनीचा निळा कोट तसाच होता. त्यांना त्याच कंपनीत झाडपुशीचं काम मिळालं होतं, ठेक्यावर. ठेका कोणाचा हे मी विचारलं नाही. त्यांनी त्याला ओळखलं. त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहून घेतलं, मग खुर्ची ओढून दिली आणि स्वतः भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

तो बोलायला लागला. परीक्षेत बोलला होता तेच, पण तुटक. साहेब, बाभळ, मेहुणा. त्यांनी मध्येच थांबवलं.

"हे मले ठाऊक आहे. समद्या कळमेश्वरले ठाऊक आहे."

"वहिनी, त्या दिवशी सकाळी मी आलतो. तो येत नव्हता. मी म्हटलं म्हणून..."

"तुम्ही म्हटलं म्हणून नाही आला तो." त्यांचा आवाज चढला नाही, पण त्या कोटाचं बटण उघडत-लावत होत्या. "तुम्ही दारात होते, तो आत आला चप्पल शोधायले. मले म्हणाला, पोरीले ताप आहे, नाही जात. मी म्हटलं, जा. नाही गेलं तं तुम्हाले एकटं पाडतीन, कामावर घेतीन तं सगळ्याईले घेतीन, तुम्हाले वगळतीन. मी पाठवलं त्याले. समजलं काय?"

त्याचा हात चाचपडत माझ्या कोपरावर आला.

"इतकी वर्षं मी हे कोणाजवळ बोलली नाही. पोरीजवळ पण नाही. ते माह्यं आहे. तुम्ही काहून वाटून घ्याले आले?"

मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण त्याचा हात माझ्या कोपरावर होता. बाई आत गेल्या. आम्हाला वाटलं आता येणार नाहीत. त्या चहा घेऊन आल्या. त्याच्या हातात कप नीट धरवून दिला, कान कुठे आहे ते बोट लावून दाखवलं. निघताना तो वाकून नमस्कार करायला गेला तर त्या मागे सरल्या. "नोका करू," एवढंच म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये मी त्याला समजावायला काहीतरी बोलले असेन. एका गोष्टीला एकच कारण नसतं, असलं काहीतरी, गाइडातलंच. तो म्हणाला, "ताई, राहू द्या." गोधनीच्या अलीकडे बस बराच वेळ रेल्वेच्या फाटकात अडकली. त्याने विचारलं, बाहेर काय आहे. मी म्हटलं, मालगाडी. ती जाईपर्यंत तो डबे मोजल्यासारखे ओठ हलवत होता.

हिवाळी परीक्षेला त्याने तोच पेपर पुन्हा दिला. अभ्यासाला मी जायचे, पण आता तो मधेच थांबवून काही बोलत नसे. आई उंबऱ्यात बसायची. प्रश्न या वेळी थोडा फिरवलेला होता, पण त्यात 'कारणे' होतंच आणि 'नेतृत्व'ही होतंच. त्याने एका लयीत सगळं सांगितलं. योग्य नेतृत्वाचा अभाव. त्याखाली चार ओळी. मी रेघ ओढली. समारोप पूर्ण केला. वेळ उरला. तो बाकावर हात ठेवून बसून राहिला. मी एकदा सगळं वाचून दाखवू का विचारलं, तर नको म्हणाला. त्या दिवशी मला मे महिन्यापेक्षा जास्त दमल्यासारखं झालं. घरी येऊन मी स्वयंपाक केला नाही. मुलीने खिचडी टाकली.

तो पास झाला. बीए झाला. पुढे अपंगांच्या जागेवर एका सरकारी कचेरीत लागला. पेढे द्यायला आई आली होती, ऊन असूनही चालत. साहेब पुढच्या निवडणुकीत निवडून आले. कंपनी चालूच आहे.

नंतर आमचं येणं-जाणं कमी झालं. मी दुसऱ्यांचे पेपर लिहीत राहिले. मागच्या उन्हाळ्यात सीताबर्डीला मेट्रोच्या जिन्यापाशी तो दिसला, हातात पांढरी काठी, इस्त्रीचा शर्ट. मी हाक मारली, त्याने आवाजावरून लगेच ओळखलं. आईचं विचारलं तर म्हणाला, आई गेली, दिवाळीआधी. बरेच दिवस मेडिकलला होती, सरकारी दवाखान्यात.

"कळवलं नाही," मी म्हटलं.

"कोणालेच नाही कळवलं."

आम्ही जिन्याच्या कडेला सावलीत उभे राहिलो. जरा वेळाने त्यानेच सांगितलं. निवडणुकीच्या वेळी साहेबांची माणसं आली होती. आंदोलनात डोळे गमावलेला कार्यकर्ता म्हणून सभेत स्टेजवर बसायचं होतं. तेव्हा आई मेडिकलच्या व्हरांड्यात जमिनीवर होती, बेड मिळत नव्हता.

"गेले तुम्ही?"

"गेलो ना. त्याच दिवशी बेड भेटला."

"बोलले काही?"

"बोलाचं काय होतं? त्याईनं माहा हात धरून वर केला. लोकाईनं टाळ्या वाजवल्या. खूप लोक होते म्हणते, मले काय दिसते."

वर गाडी आल्याचा आवाज झाला. तो म्हणाला, ही नाही, पुढची घेईन, आणि मग लगेच म्हणाला, नाही, हीच बरी. मी त्याला सरकत्या जिन्यापर्यंत नेलं. कठड्यावर त्याचा हात ठेवून दिला. तो वर जाताना मला त्याची पाठ दिसत होती, मग माणसं मध्ये आली.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, इतका उशीर काहून झाला. मी म्हटलं, ओळखीचा माणूस भेटला होता. कोण ते त्याने विचारलं नाही.